नावाचा रकाना

पावणेबाराला थ्री-फेजची लाइन आली,
हे मोटार सुरू करायला उठले,
आणि टॉर्चच्या उजेडात दोघांनीही पाहिलं.
"फाटलं काय व?"
"हो."
एवढंच बोलणं.
मग टॉर्च बांधाबांधानं वावराकडे गेला.

मी या गावची आशा. सोळा वर्षं झाली.
पिशवीत लोहाच्या गोळ्या, ओआरएस, लघवी तपासायचं किट,
आणि तळाशी सासूच्या जुन्या पानाच्या डब्यात
ती पाकिटं, एकेका गोळीची. शिल्लक चौदा.
बायांना सांगते, बहात्तर तास म्हणजे
तीन दिवस पाहत बसायची मुभा नव्हे.
आभाळ भरलं तर कुरडया उद्या उचलू
म्हणतं का कोणी?

पोळ्याच्या पाडव्याला कौतिका आत्राम आली होती,
महिना चुकून वर दहा दिवस.
"द्या एक, ताई."
म्हटलं, हे पेरणीआधीचं कुंपण आहे बाई,
उगवलेलं यानं निघत नाही.
"मंग हे मले आधी काऊन नाई सांगतलं?"
तिला घेऊन वणीच्या दवाखान्यात गेले, ते वेगळं.
पण त्या प्रश्नाला माझ्या रजिस्टरात रकाना नव्हता.

आणि आता डबा माझ्याच उशाशी,
तरी हात जाईना.
एक पाकीट गेलं की नाव लिहा, वय लिहा, नवऱ्याचं नाव लिहा,
महिनाअखेरी सिस्टरची सही.
सिस्टर म्हणजे माझ्या नणंदेची जाऊ.

दहाची एसटी धरली.
पहिल्या मेडिकलवाल्याची पोरगी माझ्या पोराच्या वर्गात,
पुढे निघाले.
दुसऱ्या दुकानात मिसरूड फुटलेला पोरगा,
भर गिऱ्हाइकात, "पोट पाडाची काय, मावशी?"
"पोट राहू नये याची.
फरक शिकून घे बाप्पा, याच दुकानात बसायचं आहे तुला."

स्टँडच्या नळाला ओंजळ लावून गिळली.
बारा तास गेले होते.
साठ उरले होते म्हणे,
पण उशिराच्या तासांचा भरवसा कमी,
हे मीच तर सांगत फिरते.

सकाळपासून पोटात अन्न नव्हतं,
काळी-पिवळीत चौदा माणसं, डिझेलचा वास.
पुलाच्या अलीकडे गाडी थांबवायला लावली.
ओकून वर पाहते तर डोलीची म्हातारी खिडकीतून हसते,
"गोड बातमी हाय वाट्टे!"
मी तोंड पुसलं. घड्याळ पाहिलं.
पाऊण तास. दोन तासही झाले नाहीत,
म्हणजे गोळी रस्त्यातच गेली,
पुन्हा घ्यावी लागणार.

घरी आले, आधी भाकर खाल्ली,
वरणात बुडवून, सावकाश.
मग डबा उघडला. तेरा राहिल्या.

रजिस्टर मांडीवर घेतलं.
किती जणींना म्हटलं असेल मी,
लिही ना नाव, त्यानं काय होते?
पेनाची रिफिल अडली, कागदाच्या कोपऱ्यात गिरगिटून घेतली.
शेवंता दादाराव ढोणे. वय एकोणचाळीस.
दादारावांचं नाव त्यांच्या रकान्यात, काना-मात्रेसकट.

रात्री हे म्हणाले, "घेतली ना आता? मंग?"
"ते झाल्या रातीची होती.
येणाऱ्या रातीची नाई."
नसबंदीचं तीन वर्षांपासून पुढच्या हंगामावर चाललंय यांचं.
मी वाकळ उचलून पोरांच्या खोलीत गेले.

पाळी तारखेला आली नाही.
चौथ्या दिवशी नाही, पाचव्या दिवशी नाही.
आठवडा उलटला तर तपासायचं म्हणून
किट काढून शिवणाच्या मशीनवर ठेवलं.
सहाव्या दिवशी चुलीपुढे बसले असताना
कंबर ओळखीची दुखली.

महिनाअखेरी सिस्टरचं बोट
रकान्यावरून खाली सरकत आलं, थांबलं.
भिंतीवरचा पंखा कटकट करत होता.
"अक्षर सुदं हाय तुयं," ती म्हणाली,
आणि सही केली.